शाईचे बोट आणि पासवर्ड

ऑनलाइन फॉर्म भरताना आज ‘तुम्ही कोण?’ हा जो प्रश्न आपल्याला दारात अडवतो, त्याची दोन वेगळी उत्तरे १९६२ या एकाच वर्षात दिसतात. भारतात तिसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदाराच्या बोटाला म्हैसूरची न पुसली जाणारी शाई प्रथमच लागली. तिथल्या सरकारी रंग-कारखान्यात बनणाऱ्या या शाईत सिल्व्हर नायट्रेट असते. उजेड लागला की ते काळे पडते आणि कितीही घासले तरी डाग काही दिवस हटत नाही. त्या डागात नाव नसते, मत कोणाला दिले तेही नसते. हा माणूस एकदा येऊन गेला, एवढेच तो सांगतो. इकडे अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने एकच संगणक अनेकांना वापरता यावा अशी व्यवस्था १९६१ साली उभी केली होती. ज्याच्या फाइली त्याच्याकडे राहाव्यात म्हणून प्रत्येकाला पासवर्ड मिळाला, आणि संगणकाचा वेळही वाटून मिळाला. ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आपला वाटा पुरेना. १९६२ मध्ये त्याने पंचकार्ड टाकून सगळ्यांच्या पासवर्डांची फाइलच छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या खात्यांवर काम उरकले. कुलूप फसले, पण ते कशासाठी होते हे यातून स्वच्छ कळते: आत ठेवलेले जपायला आणि वाटा मोजायला.

फॉर्मला आपण हे कुलूप लावले. गरज बहुधा शाईची होती. फॉर्म ही टपालपेटी आहे. भरणाऱ्याचे आत काही ठेवलेले नसते, तो टाकायला आलेला असतो. तरी गूगल फॉर्मवर ‘एकाचे एकच उत्तर’ अशी अट घातली की साइन इन सक्तीचे होते. फाइल जोडायला सांगितली तरी होते. आणि शाळेच्या खात्यातून बनवलेला फॉर्म बाहेरच्यांना बंद राहू शकतो. असा फॉर्म पालकांच्या ग्रुपवर येतो आणि आईच्या जीमेलवर उघडतच नाही. ती पासवर्ड बदलते, फोन बंद करून पुन्हा सुरू करते, शेवटी आपलेच काही चुकले असे समजते. फोनवर दोन खाती असतील तर खाते बदलून पाहणे तिच्या हाती आहे. बाकी दोष फॉर्म बनवणाऱ्याच्या सेटिंगमध्ये असतो.

शाईमागेही मतदारयादी होतीच, हा आक्षेप रास्त आहे. पण ओळख टेबलाशी पटवली जाते आणि मत आडोशाला पडते. फॉर्ममध्येही तशी फारकत आहे: ईमेल गोळा करायचे ठरवले नसेल, तर एकाच उत्तराची अट असूनही भरणारा कोण ते फॉर्मवाल्याला कळत नाही. मात्र साइन इनची पाटी पाहून तक्रार लिहायला आलेला माणूस धास्तावतो आणि परत जातो, हे नुकसान खरे आहे. शिवाय शाई बोटाला लागते, आणि एका माणसाची खाती चार असू शकतात. म्हणजे ज्या कामासाठी कुलूप लावले तेही अर्धवटच होते. यंत्रे खोटी उत्तरे भरतील ही भीतीही खरी, पण तिच्यावर वेडीवाकडी अक्षरे ओळखायला लावण्याचा उपाय अल्टाव्हिस्टा या शोधयंत्राने १९९७ च्या सुमारासच केला होता, आणि त्याला नाव-गाव लागत नव्हते.

शिष्यवृत्तीचे पैसे जायचे असतील तिथे पूर्ण ओळख हवीच. मुलाला सहलीला पाठवता का, एवढेच विचारायचे असेल तर अट काढावी, आणि लिंक पाठवण्याआधी ती ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत, म्हणजे साइन इन न करता, उघडून पाहावी. आईला दिसणारे कुलूप तिथे शिक्षकांना आधी दिसते.