वऱ्हाडातला दंतवक्र

रुक्मिणीच्या लग्नासाठी शिशुपालाचे वऱ्हाड कुंडिनपुरास आले, त्यात दंतवक्रही होता, असे भागवत सांगते. परंपरेने ते कुंडिनपूर म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्यातले कौंडिण्यपूर. नावातच वाकडे दात! असे दात हा दैवाचा लेख, ही समजूत अमरावती-अकोल्याच्या घरांतून पुढेही नांदली. पण पुष्कळदा तो लेख घरातच लिहिला जातो. पोर मोठे होऊनही अंगठा चोखत राहिले, की वरचे दात पुढे येतात. दुधाची दाढ किडून अकाली गेली, तर मागची पुढे सरकते आणि नव्या दाताची जागा अडते. १८९९ साली अमेरिकेत एडवर्ड अँगल यांनी वाकड्या दातांची वर्गवारी मांडली, ती सहाव्या वर्षाच्या सुमारास येणाऱ्या दाढेच्या आधारे. आमच्या आज्या मात्र तिला दुधाचीच समजत. किडली, तरी ‘पडू दे, दुसरी येईल’ म्हणत. ती दाढ पक्की असते. दुसरी येत नाही.