पांढरी, काळी आणि रान : वऱ्हाडातील छायाचित्रांची साक्ष

आपल्या जुन्या ग्रामव्यवस्थेत गावाचे दोन भाग मानीत असत. वस्तीची जागा ती पांढरी आणि कसणुकीची जमीन ती काळी. या दोहोंच्या पलीकडे जे उरे ते रान. पायनघाट संपून बालाघाटाची चढण जेथे सुरू होते, तेथे वसलेल्या पातूरसारख्या गावी ही तिन्ही एकाच नजरेत मावतात. गावालगतच्या टेकडीत लेणी कोरलेली आहेत, खाली घरांची दाटी आहे, तिच्याभोवती शेते आहेत आणि मागे डोंगराचे रान आहे. अशा मुलखाचा इतिहास लिहावयाचा तर शिलालेख, सनदा आणि बखरी पुऱ्या पडत नाहीत. घर कसे होते, शिवार कसे दिसे, रानात काय फिरे, हे सांगणारा साक्षीदार निराळाच लागतो. गेल्या पावणेदोनशे वर्षांत असा एक साक्षीदार आपल्याला लाभला आहे. तो म्हणजे छायाचित्र. त्याने वऱ्हाडात काय पाहिले, काय पाहिले नाही, आणि जे पाहिले त्याची साक्ष केव्हा ग्राह्य धरावी, याचा आज विचार करावयाचा आहे.

छायाचित्रणाची कला १८३९ साली युरोपात जाहीर झाली आणि ती हिंदुस्थानात यावयास फार काळ लागला नाही. १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची एक संस्था निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी ही आपली माणसे तिच्यात होती. त्यांतील नारायण दाजी हे तर स्वतः उत्तम छायाचित्रे काढीत. त्याच सुमारास, म्हणजे १८५१ साली, फ्रान्सच्या सरकारने पाच छायाचित्रकारांना देशभर धाडले होते. जुन्या इमारतींची डागडुजी होऊन त्यांचे रूप पालटण्याच्या आत त्या जशा आहेत तशा टिपून आणा, असे त्यांना सांगितलेले होते. जुन्या वास्तूचे चित्र हा करमणुकीचा नव्हे, तर दप्तरी ठेवण्याचा कागद आहे, ही जाणीव तेव्हापासूनची आहे.

मात्र त्या काळी एक चित्र काढणे हा किती खटाटोप होता, हे आज सहज ध्यानात येत नाही. प्रथम स्वच्छ काचेवर कोलोडियन नावाचे चिकट द्रव्य पसरावयाचे. मग अंधाऱ्या तंबूत ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची. ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे आणि वाळण्यापूर्वीच ती पुन्हा तंबूत नेऊन धुवावयाची. काच वाळली की सारे फुकट. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात काच ओली राहणार ती किती वेळ, हे वऱ्हाडी माणसास सांगावयास नको! शिवाय काचा, रसायने, पाणी आणि तंबू हे सारे बैलगाडीत घालून न्यावयाचे. चित्र उमटावयास काही सेकंद लागत आणि तेवढा वेळ समोरची वस्तू निश्चल हवी. दगडी मंदिर निश्चल असते, हरिण नसते. पहिल्या पिढीच्या छायाचित्रांत देवळे इतकी का आणि जिवंत जनावरे जवळजवळ का नाहीत, याचे हे साधे कारण होय.

आपल्या भागाशी ज्यांचा निकट संबंध आला असे पहिले मोठे छायाचित्रकार म्हणजे मेजर रॉबर्ट गिल. मद्रासच्या फौजेतील या अधिकाऱ्यास १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी नेमण्यात आले. पुढील कित्येक वर्षे त्यांनी अजिंठ्याच्या परिसरात काढली आणि तैलरंगांत मोठमोठ्या नकला करून इंग्लंडला रवाना केल्या. तेथे लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या लोकांना पाहण्यासाठी टांगल्या होत्या. १८६६ च्या डिसेंबरात त्या इमारतीला आग लागली आणि टांगलेली बहुतेक सारी चित्रे जळून गेली. एका माणसाच्या आयुष्यातील उमेदीची वर्षे एका रात्रीत राख झाली.

परंतु याच गिल यांनी १८५६ च्या सुमारास कॅमेराही हाती घेतला होता. दोन डोळ्यांप्रमाणे दोन भिंगे असलेल्या यंत्राने ते जोडचित्रे घेत. ती विशिष्ट चष्म्यातून पाहिली की चित्राला खोली येते आणि खांबामागचा खांब वेगळा दिसू लागतो. १८६४ साली जेम्स फर्ग्युसन या वास्तुपंडिताच्या लेखनासह त्यांच्या चित्रांची दोन पुस्तके निघाली. एक लेण्यांविषयी होते, आणि दुसऱ्यात पश्चिम हिंदुस्थानातील वास्तू व प्राणिसृष्टी यांची शंभर जोडचित्रे होती. वास्तू आणि वन्यप्राणी एकाच पुस्तकात आणण्याचा हा प्रयत्न आपल्या परिसरातून झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तथापि गिल हे नामांकित शिकारी होते. त्यांच्या चित्रांतील जनावर बंदुकीने आधी निश्चल केलेले, आणि मग कॅमेऱ्यापुढे आलेले. लोणारच्या दैत्यसूदन मंदिराची त्यांनी काढलेली चित्रेही आज उपलब्ध आहेत. गिल १८७९ साली वारले. त्यांची कबर भुसावळला आहे.

या हकीकतीत एक बोध दडलेला आहे. रंगवलेली नकल एकच होती, ती जळाली आणि संपली. छायाचित्राच्या प्रती अनेक निघाल्या, त्या निरनिराळ्या ग्रंथालयांत गेल्या आणि म्हणून टिकल्या. हा केवळ योगायोग म्हणावा तर पुढचा प्रसंग पाहा. गिल यांच्या नकला गेल्यानंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून अजिंठ्याच्या नव्या नकला केल्या. त्याही लंडनला गेल्या आणि १८८५ साली तेथे लागलेल्या दुसऱ्या आगीत त्यांतील पुष्कळशा नष्ट झाल्या. जे एकाच जागी ठेवले ते धोक्यात ठेवले, असेच म्हणावे लागते.

गिल यांच्यानंतर पुराणवस्तू खात्याचे हेन्री कझिन्स आले. मध्यप्रांत व वऱ्हाडातील प्राचीन अवशेषांची त्यांची यादी १८९७ साली निघाली, आणि दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील त्यांचा सचित्र ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला. पातूरपासून फार दूर नसलेल्या बार्शीटाकळीच्या मंदिराला त्या ग्रंथात स्थान मिळाले आहे. या मंदिराशी शके १०९८ चा, म्हणजे इसवी सन ११७६ चा, शिलालेख निगडित आहे. कझिन्स यांनी टिपलेले दगड आणि आजचे दगड ताडून पाहता येतात. कोणती मूर्ती झिजली, कोणता खांब नंतर बसविला, हे सांगता येते. ही त्यांची आपल्यावरील मोठीच उपकृती होय.

पण आता दुसरी बाजू पाहू. या साऱ्या चित्रांत मंदिर आहे, मशीद आहे, लेणे आहे, परंतु घर कोठे आहे? पाहणारे सरकारी अधिकारी होते आणि त्यांची दृष्टी दगडावर होती. दगड टिकतो, म्हणून तो इतिहास ठरला. वऱ्हाडची वस्ती मात्र मातीची होती. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, सागवानी खांब आणि तुळया, वर धाबे. त्या धाब्यावर पावसाळ्यापूर्वी नवी माती चढवावी लागे. ती एकदोन वर्षे चढवली नाही की घर गळू लागे, आणि गळू लागलेले घर पडावयास फार दिवस लागत नसत. देशमुखांच्या गढ्यांची तीच कथा. बुरूज एकदा खचला की गावकरी त्याची माती गाड्या भरभरून नेतात. ज्या मातीतून गढी उठली त्याच मातीत ती परत जाते, आणि मागे ना नकाशा राहतो ना चित्र.

एका जुन्या घराचे चांगले चित्र किती गोष्टी सांगते! दरवाजा कोणत्या दिशेस, ओसरीची उंची किती, बंगई कोठे टांगलेली, धान्याचे पेव अंगणात होते की घरात, बायकांचा वावर कोणत्या दाराने, गड्यामाणसांनी बसावयाचे कोठे, विहीर सर्वांची की एका घराची, ही सारी समाजाची रचना भिंतींत लिहिलेली असते. ज्या गवंड्याने आणि सुताराने ते घर उभे केले त्यांची नावे कोणत्याही सनदेत नाहीत. त्यांचा एकमेव दस्तऐवज म्हणजे ते घर, आणि तो दर पावसाळ्यात एकेक पान गमावीत आहे. इंग्लंडमध्ये १८९७ साली सर बेंजामिन स्टोन यांनी हौशी छायाचित्रकारांची एक संघटनाच काढली होती. प्रत्येकाने आपापल्या भागातील जुनी घरे आणि चालीरीती टिपाव्यात आणि ती चित्रे नोंदीसह संग्रहालयात द्यावीत, असा तिचा उद्देश होता. हे काम सरकारी नोकरांचे नव्हते, तेथील गावोगावच्या नागरिकांचे होते.

घरानंतर काळीकडे वळू. शिवाराचे चित्र पुष्कळांना निरुपयोगी वाटते, कारण शेत ते शेतच. पण कॅनडातील एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. तेथील जॅस्पर नावाच्या डोंगराळ प्रदेशाची मोजणी करताना ब्रिजलँड या सर्वेक्षकाने १९१५ साली शिखराशिखरांवरून सातशेहून अधिक छायाचित्रे घेतली होती. शतक संपता संपता तेथील अभ्यासकांनी नेमक्या त्याच जागांवर उभे राहून तीच दृश्ये पुन्हा टिपली. दोन्ही शेजारी ठेवल्यावर दिसले की पूर्वी जेथे मोकळी गवताळ कुरणे आणि विरळ झाडी होती तेथे आता दाट जंगल माजले आहे. वणवे विझविण्याचा हा एक परिणाम होता. जंगल वाढले म्हणजे सर्व ठीक, ही समजूत त्या चित्रांनी तपासावयास लावली. आपल्याकडे महानला काटेपूर्णेवर धरण झाले, ज्वारी-कपाशीच्या रानात सोयाबीन आले, रस्ते रुंद झाले. एकाच टेकडीवरून दरवर्षी एकच चित्र कोणी घेतले असते, तर या बदलांविषयी आपण अंदाजाने बोललो नसतो.

उरले रान. जिवंत आणि मुक्त वाघाचे चित्र मिळावयास विसावे शतक उजाडावे लागले. एफ. डब्ल्यू. चँपियन या वनाधिकाऱ्याने उत्तरेतील जंगलात वाटेवर तार ताणून ठेवली. वाघाचा पाय तिला लागला की प्रकाश पडे आणि वाघ स्वतःच आपले चित्र काढून घेई! त्यांचे पुस्तक १९२७ साली निघाले. आज मेळघाटात झाडांना बांधलेले कॅमेरे त्याच युक्तीचे वंशज होत. प्रत्येक वाघाच्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात, त्यामुळे चित्रावरून वाघ ओळखता आणि मोजता येतो. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते आणि साडेतीन कोटींच्या जवळपास चित्रे मिळाली. त्यांतील वाघांची चित्रे ७६,६५१ होती.

पण संख्येपेक्षा नोंद मोठी, हे एका पक्ष्याने शिकविले. रानपिंगळा हे छोटे घुबड १८८४ नंतर कोणास दिसले नव्हते. पुढे मेनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज पक्षीसंग्राहकाने आपण १९१४ साली गुजरातेत एक रानपिंगळा मिळवल्याचे दाखविले. वस्तुतः तो नमुना दुसऱ्याचा होता. खानदेशात अधिकारी असलेल्या डेव्हिडसन यांनी १८८० नंतरच्या वर्षांत जमविलेल्या पक्ष्यांपैकी तो एक, चोरून खोटी चिठ्ठी लावलेला. त्या चिठ्ठीने शोध करणाऱ्यांची कित्येक वर्षे दिशाभूल केली. हे कपट उघड झाल्यावर खऱ्या नोंदींच्या आधारे पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी खानदेशात आले आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा जिवंत दिसला. त्यांनी त्याची छायाचित्रे घेतली आणि जगाने ती मान्य केली. पुढे तो मेळघाटातही आढळला. पक्षी तोच होता. खोट्या चिठ्ठीने तो हरवला आणि खऱ्या नोंदीने सापडला.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. ओली काच नको, तंबू नको. चित्रांचा असा सुकाळ पूर्वी कधी नव्हता, आणि नोंदीचा असा दुष्काळही नव्हता. गिल यांच्या चित्राखाली गावाचे नाव आहे. आपल्या हजारो चित्रांखाली काहीच नाही, आणि यंत्र बिघडले की ती गिल यांच्या नकलांप्रमाणे एका रात्रीत जातात. म्हणून करावयाचे काम साधे आहे. घर पाडण्यापूर्वी त्याची चित्रे घ्यावीत. समोरून, मागून, आतून आणि एखादे माणूस शेजारी उभे करून, म्हणजे उंचीचा अंदाज येतो. घरधन्याची परवानगी आधी घ्यावी. घरातील वडील माणसाला विचारून कोणी बांधले, केव्हा बांधले, माती कोठून आणली, हे लिहून घ्यावे. शिवाराचे चित्र ठरलेल्या जागेवरून, ठरलेल्या महिन्यात घ्यावे. रानात घरट्याजवळ जाऊ नये, कारण चित्रासाठी पिले दगावली तर ती शिकारच झाली. रोह्यांनी पीक खाल्ले तर त्याचेही चित्र घ्यावे. शेतकऱ्याचे नुकसान हाही रानाच्या इतिहासाचाच भाग आहे. प्रत्येक चित्रामागे गाव, तारीख आणि नाव लिहावे, आणि एक प्रत घरी, दुसरी गावच्या वाचनालयात ठेवावी.

पातूरच्या लेण्यांची काळजी पुरातत्त्व खाते वाहते, मेळघाटच्या वाघांची वन खाते वाहते. पांढरीतल्या घरांसाठी मात्र कोणतेही खाते नाही. ती ज्यांची आहेत त्यांनीच ती टिपली पाहिजेत, आणि पुढच्या पावसाळ्याच्या आत.