धुण्याचे हौद आणि पंचवीस हजार टोप्या

काळे पाणी म्हटले की आपल्याला अंदमान आठवते. ती वसाहत १८५८ सालची. त्याच्या कितीतरी आधीपासून इंग्रज सरकार आपल्याच देशातल्या गोरगरिबांना बोटीत घालून ऑस्ट्रेलियात धाडत होते. त्यांत सुमारे २५ हजार बाया होत्या. पुष्कळजणींचा गुन्हा एवढाच, की कुठे कापड चोरले, कुठे भांडे.

आम्ही मेलबर्नला राहणारे मराठी कुटुंब. सुट्टीत मुलांना घेऊन टास्मानिया बेटावर गेलो. मोटारीमागे कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोलीच. चूल-बिछाना सगळे आत. किनारा पाहत राहावा असा. सरळ तुटलेले कडे, लाटांनी कोरलेली कमान, आणि एका जागी तर खडक असा चौकोनी चिरलेला, की कोणी शहाबादी फरशी घातली वाटावे! जवळच जमिनीची अरुंद पट्टी आहे. पोर्ट आर्थरच्या तुरुंगातून कैदी पळू नयेत म्हणून तिथे साखळदंडाने कुत्रे बांधलेले असत.

पोर्ट आर्थर पुरुषांचे. बायकांचा तुरुंग होबार्ट शहरात, डोंगराच्या सावलीतल्या ओल्या दरीत. सुरू झाला १८२८ साली. नाव ‘फॅक्टरी’, कारण बायांकडून कामच करून घ्यायचे. शिक्षेतल्या बाया हौदावर दिवसभर धुणी धूत. त्यांच्या कपड्यांवर पिवळे इंग्रजी अक्षर शिवलेले असे.

बाकीच्यांना गोऱ्या वसाहतवाल्यांच्या घरी मोलकरीण म्हणून पाठवत. तिथे एखादीला दिवस गेले की तिची रवानगी परत तुरुंगात. बापाला कोण विचारतो? मूल अंगावरचे तुटले की आईला सहा महिने त्याच हौदांवर. बाळ मागे राही. त्या दाटीत, ओलाव्यात कितीतरी तान्ही मुले गेली. जगली, ती पुढे अनाथशाळेत. चोरीची शिक्षा एकवेळ समजू, पण बाळंतपणाची शिक्षा? आमच्या मुलीने विचारले, तेव्हा आम्हाला उत्तर सुचले नाही.

आज तिथे भिंती आणि मोकळी अंगणे उरली आहेत. २०१० साली ती जागा जागतिक वारशात आली. पण आम्हाला भावले ते होबार्टच्या कलावंत क्रिस्टिना हेन्री यांचे काम. हनुवटीखाली नाडी बांधायची कापडी टोपी तेव्हा मोलकरणी घालत. पाठवलेल्या प्रत्येक बाईसाठी तशी एक टोपी शिवायची, असे त्यांनी ठरवले. आकडा २५,५६६. देशोदेशीच्या बायकांनी घरी बसून त्या शिवल्या. प्रत्येक टोपीवर एका बाईचे नाव, आणि तिला घेऊन गेलेल्या जहाजाचे.