फितीवरचा आवाज

१९८२च्या दिल्ली एशियाडबरोबर आपल्याकडे रंगीत दूरदर्शन आलं आणि पुढच्या काही वर्षांत गल्लोगल्ली व्हीसीआर भाड्यानं मिळू लागले. लग्नं, बारशी, निकाह अर्धा इंच रुंदीच्या फितीवर उतरले. २०१६ साली जपानच्या फुनाई कंपनीनं व्हीसीआरचं उत्पादन थांबवलं. आता भिस्त माळ्यावरच्या जुन्या यंत्रांवरच.

बहिणीच्या निकाहच्या कॅसेटमध्ये आमच्या अम्मीचा आवाज आहे, तो दुसरीकडे कुठेच नाही. म्हणून मी आधी बिनमहत्त्वाची कॅसेट लावून यंत्र पारखतो. रबरी पट्टा सैल पडला असेल, तर फीत आत गुंतते. कॅसेटच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसली, तर ती लावूच नये, जाणकाराकडे द्यावी. यंत्रं चालताहेत तोवर घरातले असे आवाज संगणकावर उतरवून घ्यायला हवेत.