यात्रेची वही

आमच्या गावच्या यात्रेच्या हिशेबाच्या वह्या माझ्या घरी आहेत. वडील सोसायटीत लिहायला होते म्हणून गावाने वही त्यांच्याकडे दिली आणि ते गेल्यावर ती माझ्याकडे आली. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याच्या वह्या. दर साली नव्या पानावर हळदकुंकवाचं बोट, खाली ‘श्री भैरवनाथ प्रसन्न’, मग एका बाजूला वर्गणी आणि दुसऱ्या बाजूला खर्च.

जुन्या पानांवरचा खर्च वाचला की रात्र डोळ्यांपुढे उभी राहते. तमाशाची सुपारी. गॅसबत्त्या सहा, रॉकेल. शेरणीचा गूळ. दारूकाम. कुस्त्यांचं इनाम. तमासगिरांचा शिधा, आणि त्याखाली वडिलांच्या बारीक अक्षरात, ‘त्यांच्या बैलांना कडबा’. पुढच्या एका वहीत कडबा दिसत नाही, ट्रकचं डिझेल दिसतं. मग जनरेटर येतो. त्यानंतर ‘परवाना, ध्वनिक्षेपक’ असं कलम येतं. मग काही वर्षं ऑर्केस्ट्रा, काही वर्षं कीर्तनकारांची बिदागी, आणि अलीकडे मोठा पडदा. अक्षर आधी वडिलांचं, नंतर माझं.

दर फाल्गुनात पारावर बैठक बसते आणि तमाशा आणायचा की नाही यावर वाद होतो. एक गट म्हणतो, देवाच्या दारात कीर्तन हवं, पोरं बिघडतात. पोरं म्हणतात, तमाशा आता कोण बघतं, गाण्यांचा कार्यक्रम आणा. म्हातारे म्हणतात, आमच्या आजापासून भैरोबाला ढोलकी लागते. हा वाद मोबाईलच्या काळातला आहे, असं पोरांना वाटतं आणि म्हाताऱ्यांनाही वाटतं. तसं नाही. आमच्या संगमनेर तालुक्यात हा वाद पेशवाईतही होता, आणि त्याचा पुरावा आमच्या जिल्ह्याच्या नावातच आहे.

अनंत फंदी संगमनेरचा. १७४४ ते १८१९ हा त्याचा काळ. घराणं घोलपांचं, जातीने ब्राह्मण, आणि तरी डफतुणतुण्याच्या नादाला लागलेला. लावण्या रचल्या, पोवाडे रचले, तमाशाचा फड घेऊन हिंडला. मलिक फंदी नावाच्या फकिराशी त्याचा स्नेह होता, म्हणून लोक यालाही फंदी म्हणू लागले, असं सांगतात. हा फंदी अहिल्याबाई होळकरांपुढे गेला तेव्हा बाईंनी त्याला समजावलं, ब्राह्मणाने हे करू नये, तुझी वाणी देवाच्या कामी लाव. त्याने तमाशा सोडला आणि कीर्तन धरलं, अशी आख्यायिका आहे. अहिल्याबाई जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या, जन्म १७२५ चा. २०२४ साली आमच्या जिल्ह्याला त्यांचं नाव मिळालं. म्हणजे पारावर आमचा कीर्तनाचा गट जे बोलतो, ते खुद्द अहिल्याबाईंनी आमच्याच तालुक्यातल्या शाहिराला सांगितलं होतं म्हणतात. मला त्या सल्ल्याचा राग नाही. फंदीचे फटके लोकांच्या तोंडी राहिले, ते याच वळणाने. पण संगमनेरात आज त्याच्या नावाची व्याख्यानमाला चालते तेव्हा लोकांना उपदेश करणारा फंदी आठवतो, डफावरचा फंदी आठवत नाही, याचं मला वाईट वाटतं. त्याच्या जिभेला जी धार होती ती डफावरच लागली होती.

दुसरं नाव पवळाबाईंचं. पुण्याला जाताना संगमनेर सोडलं की हिवरगाव पावसा लागतं. आता लोक या गावाला टोलनाक्यावरून ओळखतात. गाडी थांबते, काच खाली होते, काच वर होते, गाडी निघून जाते. पवळाबाई हिवरगावकर या गावच्या, महार घरातल्या. तोवर तमाशात बाईचं सोंग नाच्या पोरगा घ्यायचा. बोर्डावर स्वतः उभी राहिलेली पहिली बाई म्हणून पवळाबाईंचं नाव घेतात. वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी घरदार आणि कुळकर्ण सोडून फडात आले आणि पठ्ठे बापूराव झाले. त्यांची लावणी आणि पवळाबाईंचा गळा एकत्र आले तेव्हा मुंबईची थिएटरं भरली. ब्राह्मण पुरुष आणि महार बाई एका बोर्डावर, यावर त्या काळी किती लोक संतापले असतील ते सांगायला नको. १९३९ साली पवळाबाई गेल्या, १९४५ साली बापूराव पुण्यात हलाखीत गेले.

या जोडीची एक गोष्ट आमच्याकडे सांगतात आणि ती सांगताना पार शांत होतो. महाडच्या सत्याग्रहाच्या दिवसांत बापूरावांनी बाबासाहेबांना देणगी देऊ केली आणि बाबासाहेबांनी ती नाकारली. आमच्या बायांना नाचवून मिळवलेला पैसा आम्हाला नको, हे त्यामागचं कारण. कीर्तनवाल्यांचा विरोध आणि हा विरोध, दोन्ही तमाशालाच, पण एका जातीचे नाहीत. पहिला म्हणतो, बघणारा बिघडतो. दुसरा विचारतो, नाचणारीचं काय होतं? आमच्या बैठकीत दुसरा प्रश्न क्वचितच निघतो. निघाला तेव्हा तो आमच्या राजवाड्यातल्या एका शिक्षकाने काढला होता, माझ्याच शाळेतल्या. तो म्हणाला, “गुरुजी, तुम्ही परंपरा म्हणता. ती परंपरा आमच्या आज्यांनी पायांत चाळ बांधून चालवली. त्यांना गावात घर कुणी दिलं?” मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही. पुढे कोपरगाव तालुक्यातल्या पोहेगावात जन्मलेल्या शैलजा पाईक यांनी याच प्रश्नावर, तमाशातल्या दलित बायांच्या जिण्यावर, मोठं पुस्तक लिहिलं. २०२४ साली त्यांना अमेरिकेतली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. ती बातमी त्या शिक्षकाने मला फोन करून वाचून दाखवली. तमाशा राहावा असं मला आजही मनापासून वाटतं. पण बोर्डावरच्या बाईला गावात पाहुणीचा मान मिळणार असेल तरच.

बंदीही एकदा येऊन गेली. स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेरांच्या सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. मग दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, बंदी उठली, पण संहिता आधी तपासून घ्यायची अट आली. ‘लोकनाट्य’ हा शब्द तेव्हापासून बळावला. आमच्या वहीत मात्र तो शब्द कधीच आला नाही. वडील शेवटपर्यंत ‘तमाशा’च लिहीत.

आता मला जे खरं सांगायचं आहे त्याकडे येतो. तमाशा की कीर्तन, तमाशा की ऑर्केस्ट्रा, या भांडणात आमच्या हातून जे गेलं त्याचं नाव कुणी घेत नाही. वग गेला.

पूर्वी रात्र अशी जायची. कावडी पुणतांब्याहून गंगेचं पाणी घेऊन आलेल्या असत, देवाला अंघोळ झालेली असे. छबिना फिरून यायचा, दारूकाम व्हायचं, आणि दहाच्या पुढे ढोलकीवर थाप पडायची. आधी गण. मग गवळण, पेंद्या आणि मावशीची मस्करी. मग बतावणी, रंगबाजी, फर्माईश, दौलतजादा. बारा-एक वाजता पोरंटोरं पेंगायची, हुल्लड करणारे दमून जायचे, आणि तेव्हा वग सुरू व्हायचा. राजा, प्रधान, दरोडेखोर, सावत्र आई, फाशीची शिक्षा झालेला निरपराध. सोंगाड्या त्यात घुसून राजालाच बोल लावायचा. सरपंच पुढच्या रांगेत बसलेला असायचा आणि सोंगाड्याने दिवसा ऐकलेली गावची भानगड प्रधानाच्या तोंडी यायची. गाव हसायचं, सरपंचालाही हसावं लागायचं. तांबडं फुटायच्या बेतात गोष्ट संपायची. मग सकाळी देवळापुढे हजेरी, हजेरीनंतर शेरणी, आणि ऊन उतरलं की कुस्त्यांचा हगामा.

२००० साली केंद्राचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. राज्याला वर्षातले पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते, ते दिवस बहुतेक गणपती-नवरात्रात जातात. नियमाला माझी हरकत नाही. आजारी माणूस, दहावीचं पोरगं, तान्हं मूल, यांनी झोपायचं कधी? पण त्याचा परिणाम लिहून ठेवला पाहिजे. नऊला सुरू होणारा आणि दहाला पोलीस पाटील घड्याळ दाखवणारा तमाशा गण उरकतो आणि थेट सिनेमाच्या गाण्यांवर येतो. वगाला जागाच उरत नाही. मग लोक म्हणतात, तमाशात आता नुसता नाच राहिला. तो लोकांनी मागितला म्हणून राहिला हे अर्धं खरं. गोष्ट सांगायला लागणारी रात्रच आम्ही काढून घेतली, हे उरलेलं अर्धं. त्यात २०२० आणि २०२१ च्या यात्रा कोरोनात बंद राहिल्या. ज्यांच्या नावावर आमचे म्हातारे वीस-वीस कोस चालत जायचे त्या कांताबाई सातारकर त्याच साथीत, २०२१ च्या मे महिन्यात, संगमनेरात गेल्या. वगातल्या त्यांच्या पुरुषी भूमिका बघितलेले लोक अजून त्यांची उभं राहायची ढब करून दाखवतात.

आणि बाया? बाया तमाशाला बसत नसत. माझ्या आईने आयुष्यात एकही वग पाहिला नाही. तिला वग पाठ होते. चैत्रातल्या उकाड्यात आम्ही धाब्यावर निजायचो. आई, थोरल्या काकी, शेजारची वेणूआत्या उताण्या पडून भोंग्यातून येणारा वग ऐकायच्या. सोंगाड्या बोलला की काकी पदर तोंडात धरून हसायच्या. राणीला वनवास झाला की आई उठून बसायची. सकाळी हजेरीला त्या देवळाच्या मागच्या भिंतीला उभ्या राहायच्या आणि रात्रीचा कोणता आवाज यातल्या कोणाचा, हे आपसात ओळखायच्या. गावात वगाचं खरं कान देणारं गिऱ्हाईक धाब्यांवर होतं, आणि बैठकीत त्यांचं मत कधी कुणी विचारलं नाही.

यंदाच्या फाल्गुनात मी बैठकीत एवढंच बोललो. सुपारी द्यायची तर वगाची द्या. संध्याकाळी सातला सुरू, दहाला बंद, आणि पुढची जागा बायांना. कीर्तन आदल्या दिवशी. बराच वेळ गलका झाला. शेवटी आमचे राजवाड्यातले शिक्षकच म्हणाले, “चालेल. पण कलावंतांची पंगत देवळात, आपल्याबरोबर.” तेही ठरलं.

पाडव्याच्या आधी आम्ही चौघं नारायणगावला गेलो. रस्त्याकडेला राहुट्या लागलेल्या, प्रत्येकीपुढे फडाचा फलक, आत गादी, व्यवस्थापक वही घेऊन बसलेला. आम्ही म्हणालो, वग पाहिजे, पुरा. त्याने वही मिटली आणि आतल्या बाजूला आवाज दिला. सत्तरीचा एक माणूस बाहेर आला. व्यवस्थापक म्हणाला, “तात्या, यांना वग पाहिजे.” तात्या आमच्याकडे बघत राहिले. मग विचारलं, “रडायचा का हसायचा?”

यात्रेच्या दिवशी सातला ढोलकी वाजली. गण झाला, गवळण आटोपशीर झाली, आणि आठला वग लागला. थोरल्या काकी आता ऐंशीच्या पुढे आहेत. नातवाने त्यांना खुर्चीत आणून पहिल्या रांगेत बसवलं होतं. तात्या सोंगाड्याच्या वेशात आले, पहिलं वाक्य बोलले, आणि काकींनी माझा हात घट्ट धरला. म्हणाल्या, “अरे, हा आवाज मी ऐकलाय. लई वर्सं झाली. मला वाटायचं माणूस उंच असंल.”

रात्री हिशेब लिहायला बसलो. सुपारी, मंडप, परवाना, शेरणीचा गूळ, कलावंतांची पंगत. मग ‘तमाशा’च्या पुढे कंस करून मी ‘वगासह’ असं लिहिलं.