उलट्या प्रतिमेचा प्रवास

इंग्लंडमधील लॅकॉक येथे विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांचे जुने घर आहे. १८३५ च्या ऑगस्टमध्ये त्या घरातील एका खिडकीसमोर त्यांनी लहानशी पेटी ठेवली आणि आतल्या कागदावर खिडकीची उलटी प्रतिमा उमटवली. उजेडाच्या जागी काळोख, काळोखाच्या जागी उजेड. भिंगातून पाहिले असता तावदानांचे सुमारे दोनशे तुकडे मोजता येतात, अशी नोंद त्यांनी स्वतःच करून ठेवली. अशा प्रतिमेला ‘निगेटिव्ह’ हे नाव दिले ते जॉन हर्शेल यांनी, १८४० साली.

आज संगणकावर सिद्ध केलेले चित्र पारदर्शक फिल्मवर शाईने उलटे छापून, त्यावरून डार्करूममध्ये रुपेरी क्षारांच्या कागदावर प्रत काढणारे कलावंत आहेत. या डिजिटल निगेटिव्हचे नाव निघाले की जुन्या मंडळींच्या कपाळाला आठी पडते. प्रकाशाऐवजी यंत्राने घडवलेली निगेटिव्ह खरी कशी, असा त्यांचा सवाल असतो.

पण निगेटिव्ह निर्भेळ केव्हा होती? १८५१ नंतर प्रचारात आलेली कोलोडियनची काच निळ्या प्रकाशाला फार हळवी. समुद्र नीट उमटावा तर आकाश कोरे राही. फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे यांनी आकाशाची एक व समुद्राची एक अशा दोन निगेटिव्ह जोडून प्रती काढल्या. १८५७ साली रेजलँडर यांनी तर तीसहून अधिक निगेटिव्हमधून एकच भव्य चित्र उभे केले. जोडकामाचे पाप संगणकाच्या माथी मारणे आम्हांला न्याय्य वाटत नाही.

डिजिटल निगेटिव्हची खरी निकड निराळीच होती. सायनोटाइप, प्लॅटिनम यांसारख्या जुन्या प्रक्रियांचे कागद मंद. त्यांवर निगेटिव्ह चिकटवून ठेवूनच प्रत निघते. म्हणजे प्रत जेवढी हवी तेवढीच निगेटिव्ह. छोट्या फिल्मचे कॅमेरे रूढ झाल्यावर ती आणायची कुठून? एक तर अवजड कॅमेरा वाहायचा, नाही तर डार्करूममध्ये मूळ निगेटिव्हची मोठी नक्कल करायची, आणि दर नक्कलेत छटा गमवायच्या. १९९० मध्ये फोटोशॉप विक्रीस आले. १९९५ मध्ये अमेरिकन छायाचित्रकार डॅन बर्कहोल्डर यांनी या विषयावर पुस्तकच लिहिले. प्रारंभी छापखान्यांसाठी फिल्म काढणाऱ्या यंत्रावर हे काम होई. पुढे ते घरच्या इंकजेट प्रिंटरवर आले.

काम दिसते तितके सोपे नव्हे. पडद्यावरच्या छटा आणि कागदावरच्या छटा यांचे मुळीच सख्य नसते. म्हणून काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पायऱ्यांची एक पट्टी आधी छापावी, तिची प्रत काढावी, कोणत्या पायऱ्या एकमेकींत बुडाल्या ते पाहावे आणि संगणकात तेवढी दुरुस्ती करून पुन्हा छापावे. शिवाय शाईचा रंगही फसवतो. पिवळी शाई आपल्या डोळ्यांना फिकी दिसते. पण कागदाला हवा असलेला निळा प्रकाश ती अडवते. मल्टीग्रेड कागदावर तर तिच्यामुळे प्रतीचा उठावच बदलतो. आणि अशी निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये घालून मोठी करण्यात अर्थ नाही, कारण चित्राबरोबर शाईचे ठिपकेही मोठे होतात.

एक आक्षेप मात्र आम्ही नाकारीत नाही. टॅल्बटचा तो कागद त्या खिडकीसमोर, त्या उजेडात होता. तो साक्षीदार आहे. शाईची निगेटिव्ह कुठेच गेलेली नसते. ओरखडा पडला तर दुसरी छापावी, एवढेच तिचे मोल. प्रतीची गोष्ट वेगळी. ती आजही लाल दिव्याखाली, डेव्हलपरच्या ताटात, हळूहळूच उगवते.

आमची पहिली प्रत अशीच उगवली. बाजारातल्या एका दुकानाचे चित्र होते. छटा बऱ्या साधल्या होत्या, म्हणून आम्ही हरखलो. मग पाटीकडे लक्ष गेले. तिच्यावरची सारी अक्षरे उलटी. शाईची बाजू कागदाला लावायची असते, म्हणून छापण्यापूर्वीच चित्र आरशातल्यासारखे फिरवून घ्यावे लागते. ते आम्ही विसरलो होतो. ती प्रत आम्ही अजून ठेवली आहे.