विहिरी आपल्या, हिशोब कोणाचा? : सिद अहमद गझाली आणि अल्जीरियाचे तेल

२४ फेब्रुवारी १९७१ रोजी अल्जीरियाचे अध्यक्ष हुआरी बुमेदियन यांनी देशातील फ्रेंच तेलकंपन्यांचा ५१ टक्के हिस्सा ताब्यात घेतल्याची घोषणा केली. नैसर्गिक वायू आणि तेलवाहिन्या तर पूर्णपणे सरकारच्या झाल्या. घोषणा अध्यक्षांची होती. पण दुसऱ्या दिवसापासून विहिरी चालू ठेवण्याचे काम तेहेतीस वर्षांच्या एका अभियंत्याच्या गळ्यात पडले. सिद अहमद गझाली हे त्याचे नाव. पुढे वीस वर्षांनी, पंतप्रधान झालेल्या याच गझालींनी परदेशी कंपन्यांना जुन्या तेलक्षेत्रांतही वाटा देणारा कायदा मंजूर करून घेतला. हे घूमजाव होते, असे सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही. दोन्ही वेळा त्यांच्यापुढचा प्रश्न एकच होता. जमिनीखालचे तेल वर काढायला पैसा, माणसे आणि गिऱ्हाईक लागते. ते आणायचे कोठून? त्यांची खरी अडचण वेगळीच होती, आणि तिच्याकडे फारसे लक्ष दिले गेलेले नाही.

मागची हकीकत थोडक्यात सांगतो. १९५६ साली सहाराच्या वाळवंटात हासी मसऊद येथे तेल आणि हासी रमल येथे वायू सापडला. तेव्हा स्वातंत्र्ययुद्धाला दोन वर्षे होत आली होती. वाटाघाटींत फ्रान्सने सहाराचा प्रदेश वेगळा काढण्याचाही प्रयत्न केला, तो फसला. मात्र १८ मार्च १९६२ च्या एव्हियाँ करारात फ्रेंच कंपन्यांचे मक्ते कायम राहिले. जुलैत देश स्वतंत्र झाला, झेंडा बदलला. पण तेल काढणे, वाहणे आणि विकणे बव्हंशी जुन्याच हातांत राहिले.

गझालींचा जन्म १९३७ चा, पश्चिम अल्जीरियातला. शिक्षण पॅरिसच्या पूल आणि रस्ते बांधणीच्या ख्यातनाम अभियांत्रिकी संस्थेत झाले. स्वतंत्र देशात असे उच्चशिक्षित अभियंते मोजकेच होते, त्यामुळे ऐन पंचविशीत मोठ्या जबाबदाऱ्या येऊन पडल्या. ३१ डिसेंबर १९६३ रोजी सोनात्राक ही सरकारी कंपनी स्थापन झाली. सुरुवातीला तिचे काम तेलाची वाहतूक आणि विक्री एवढेच होते. या मर्यादेमागे एक भांडण होते. वाळवंटातून आर्झ्यू बंदरापर्यंत तिसरी तेलवाहिनी टाकायची होती. त्यात अल्जीरियाला पुरेसा वाटा द्यायला फ्रेंच कंपन्या राजी नव्हत्या. तेव्हा सरकारने ब्रिटिश कंत्राटदाराकडून सुमारे ८०० किलोमीटरची वाहिनी स्वतःच बांधून घेतली. १९६६ मध्ये ती सुरू झाली. त्याच वर्षी गझाली सोनात्राकचे प्रमुख झाले आणि १९७७ पर्यंत त्या पदावर राहिले.

राष्ट्रीयीकरण म्हणजे एका रात्रीत काढलेला हुकूम, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात त्याची तयारी पाच-सहा वर्षे चालली होती. बुमर्देस येथे तेलउद्योगाचे शिक्षण देणाऱ्या संस्था निघाल्या. १९६८ मध्ये अमेरिकेच्या गेटी कंपनीशी करार झाला, त्यात सोनात्राकचा वाटा ५१ टक्के होता. हाच आकडा तीन वर्षांनी फ्रेंच कंपन्यांना लागू झाला. १९७१ मध्ये फ्रेंच तंत्रज्ञ माघारी बोलावले गेले आणि अल्जीरियन तेल कोणी घेऊ नये म्हणून गिऱ्हाइकांवर दबाव आला. तरीही अल्जीरियन अभियंते आणि कामगारांनी विहिरी चालू ठेवल्या. वर्ष संपण्यापूर्वी फ्रेंच कंपन्यांनी तडजोड केली. माझ्या मते गझालींच्या कारकिर्दीतला सर्वांत भक्कम भाग हाच. मालकीचा कागद अध्यक्षांनी दिला. ती मालकी पेलणारी माणसे सोनात्राकने उभी केली.

१९७३-७४ मध्ये तेलाचा भाव बॅरलला सुमारे तीन डॉलरवरून जवळजवळ बारा डॉलरवर गेला. त्या पैशातून पोलाद, खते, रसायने यांचे अवाढव्य कारखाने निघाले. तोवर उद्योग आणि ऊर्जा ही दोन्ही खाती बेलाईद अब्देस्सलाम यांच्याकडे होती. १९७७ मध्ये त्या खात्याची वाटणी होऊन ऊर्जा खाते गझालींकडे आले. पण पुढच्याच वर्षाअखेर बुमेदियन वारले आणि शाद्ली बेंजदीद अध्यक्ष झाले. गझालींची बदली पाणी खात्यात झाली; काही महिन्यांत तेही गेले. अमेरिकेच्या एल पासो कंपनीशी १९६९ मध्ये झालेला द्रवरूप वायूचा करार आता त्यांच्याविरुद्ध पुढे करण्यात आला. वायू मातीमोल विकला, असा आरोप होता. नव्या सरकारने भाव वाढवून मागितला, अमेरिकेने नाकारला आणि १९८० मध्ये पुरवठाच थांबला. स्वस्तात विकणे बरे की मुळीच न विकणे, याचा हिशोब उघडपणे कधी मांडला गेला नाही.

१९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले. निर्यातीची जवळजवळ सगळी कमाई तेल-वायूची; ती घटताच रेशन, नोकऱ्या, घरे सगळ्यांचीच टंचाई झाली. ऑक्टोबर १९८८ मध्ये तरुण रस्त्यावर आले आणि लष्कराने गोळ्या चालवल्या. या पडत्या काळात गझालींना पुन्हा बोलावणे आले. आधी अर्थमंत्री, मग परराष्ट्रमंत्री आणि जून १९९१ मध्ये पंतप्रधान. देशावर २५ अब्ज डॉलरांहून अधिक परकीय कर्ज होते. हासी मसऊदसारख्या जुन्या क्षेत्रांतील काही हक्क विकून आगाऊ रक्कम उभी करावी, शिवाय नवे तंत्र आणून त्याच विहिरींतून अधिक तेल काढावे, ही त्यांची योजना होती. डिसेंबर १९९१ चा कायदा त्यातून आला. लोकांना मात्र यात देशाची ठेव मोडल्यासारखे वाटले.

त्याच महिन्यात बहुपक्षीय निवडणुकीची पहिली फेरी झाली. ती स्वच्छ होईल, असे वचन गझालींनी दिले होते. इस्लामी साल्व्हेशन फ्रंटने १८८ जागा जिंकल्या. जानेवारी १९९२ मध्ये लष्कराच्या दबावाखाली शाद्लींनी राजीनामा दिला, निवडणूक रद्द झाली आणि सरकारच्या प्रमुखपदी गझालीच राहिले. जूनमध्ये नवे राष्ट्रप्रमुख मोहम्मद बुदियाफ यांचा खून झाला. जुलैत गझाली पायउतार झाले आणि त्यांच्या जागी अब्देस्सलाम आले, म्हणजे त्यांचे जुने वरिष्ठ. पुढच्या यादवीत लाखाहून अधिक माणसे मेली.

१९७१ मध्ये विहिरी देशाच्या झाल्या, पण त्यांचा हिशोब देशापुढे आला नाही. परदेशी मालकाकडून घेतलेली तिजोरी मूठभर लोकांच्या हातात राहिली. एल पासोचा करार चूक होता की बरोबर, हासी मसऊदचा वाटा विकावा की नाही, हे ठरवायला जनतेजवळ ना आकडे होते, ना मत. १९९१ मध्ये मत मिळाले, तेही काढून घेतले गेले. गझालींनी तेल देशात ठेवणारी माणसे घडवली. त्या तेलाचा जाब विचारणारी व्यवस्था घडवणे त्यांच्या हाती नव्हते, आणि हाती आले तेव्हा त्यांनी सत्तेची बाजू घेतली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ते वारले. स्वातंत्र्ययुद्धात फ्रेंचांच्या बाजूने लढलेल्या अल्जीरियनांना ‘हरकी’ म्हणतात. तिथे याहून जहरी शिवी क्वचितच असेल. उतारवयात गझालींनी हाच शब्द स्वतःला आणि आपल्यासारख्या अधिकाऱ्यांना लावला होता. आपण व्यवस्थेचे हरकी होतो, असे ते म्हणत. राष्ट्रीयीकरणाच्या गौरवग्रंथांत हा शब्द सापडणार नाही. तो वगळून त्या इतिहासाचा ताळेबंद मात्र जुळत नाही.